दोन देशांचे सातबारे समोरासमोर कसे वाचावेत

अकरावीत शिकणारी माझी नात दिवाळीच्या सुट्टीत भूगोलाचा प्रकल्प घेऊन बसली होती. विषय होता भारत आणि अमेरिका, शेतजमीन कोणाकडे जास्त? तिच्या वहीत एकट्या भारताचे चार आकडे जमले होते: १४ कोटी हेक्टर, साडेपंधरा कोटी, १८ कोटी आणि एके ठिकाणी २० कोटींच्याही वर. "आबा, यातला खरा कुठला?" मी म्हटलं, चारही खरे. ती वैतागली. मग मी कपाटातून आमच्या बाळकुमच्या शेताचा जुना सातबारा काढला आणि तिच्या शेजारी बसलो.

मी ठाणे जिल्ह्यात तलाठी होतो. कल्याण, मुरबाड, शहापूर तालुक्यांतल्या सजांवर नोकरी झाली, २०१९ साली निवृत्त झालो. जमिनीचा आकडा कधी एकटा वाचायचा नाही, तो कुठल्या रकान्यातला आहे ते आधी बघायचं, ही सवय तिथे लागली. दोन देशांच्या जमिनीची तुलना करायलाही तीच सवय पुरते. नातीला जसं सांगितलं तसंच इथे मांडतो. जोडी भारत-अमेरिकेची घेतली आहे, पण पद्धत कुठल्याही दोन देशांना चालेल.

आधी शब्द पक्का करा. सातबाऱ्यात सातच्या भागावर एकूण क्षेत्र असतं, त्यात लागवडीयोग्य किती आणि पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारा भाग, किती ते वेगळं लिहिलेलं असतं. बाराच्या भागावर त्या वर्षी प्रत्यक्ष काय पेरलं, किती पड राहिलं, ते असतं. जगभरच्या तक्त्यांत जो शब्द येतो तो 'ॲरेबल लँड'. मराठीत त्याला बहुतेक जण 'लागवडीयोग्य जमीन' म्हणतात, आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची, म्हणजे एफएओची, व्याख्या अशी आहे: हंगामी पिकांखालची जमीन, चाऱ्यासाठी तात्पुरती लावलेली गवताची जमीन, भाजीपाला आणि परसबागा, आणि पाच वर्षांपेक्षा कमी काळ पड ठेवलेली जमीन. दुबार पीक घेतलं तरी क्षेत्र एकदाच मोजायचं. नांगर घातला तर पिकेल अशी, पण कोणी कसत नाही, ती यात नाही. एफएओ स्वतःच बजावते की हा आकडा लागवडीची शक्यता किती आहे ते सांगण्यासाठी नाही. म्हणजे नाव सातच्या रकान्यासारखं वाटतं, पण आतला माल बराचसा बाराच्या भागावरचा आहे. मी नातीच्या वहीत 'लागवडीयोग्य' खोडून 'लागवडीखालची, अल्पकाळ पड धरून' असं लिहायला लावलं. लांबलचक आहे, पण बरोबर आहे.

आता तिचे चार आकडे. आपल्या देशात जमिनीच्या वापराची नोंद नऊ प्रकारांत होते: वन, बिगरशेती वापर, नापीक व लागवडीस अयोग्य, कायम कुरणं, किरकोळ झाडझाडोरा, लागवडीयोग्य पडीक, इतर पड, चालू पड आणि निव्वळ पेरणी क्षेत्र. निव्वळ पेरणी क्षेत्र साधारण १४ कोटी हेक्टर. हा पहिला आकडा. त्यात चालू पड, म्हणजे त्या एका वर्षापुरती मोकळी ठेवलेली, आणि इतर पड, म्हणजे एक ते पाच वर्षं न पेरलेली, अशी मिळून अडीच कोटींच्या आसपास जमीन मिळवा. मग आंबा, काजू, नारळ, चहा अशा कायम पिकांची सव्वा कोटीच्या आसपास जमीन वजा करा. एफएओ दाखवते त्या साडेपंधरा कोटींच्या जवळ येता. पाच वर्षांची रेघ दोन्हीकडे एकच आहे, म्हणून हे गणित जुळतं.

बागा वजा का करायच्या, हा प्रश्न कोकणातल्या माणसाला पडणारच. हापूसची बाग शेती नाही का? शेती आहे, पण एफएओच्या हिशोबात ती 'कायम पिकं' या वेगळ्या रकान्यात जाते, कारण कलम एकदा लावलं की दरवर्षी पेरावं लागत नाही. ॲरेबल आणि कायम पिकं मिळून होते ती 'क्रॉपलँड', म्हणजे पिकांखालची जमीन. भारत-अमेरिकेत याने चित्र पालटत नाही. पण तुमच्या जोडीत मलेशिया किंवा इंडोनेशिया असेल, जिथे तेलमाडाची आणि रबराची लागवड अफाट आहे, तर नुसता ॲरेबलचा आकडा घेणं त्या देशावर अन्याय आहे. तिथे क्रॉपलँडच घ्या.

तिसरा आकडा १८ कोटींचा. यात लागवडीयोग्य पडीक आणि झाडझाडोराही मिळवलेला असतो. सातच्या भागावरचा 'लागवडीयोग्य' म्हणतात तो हाच. गंमत अशी की एफएओच्या तक्त्यातही भारतासमोर १८ कोटींच्या आसपासचा आकडा सापडतो, 'ॲग्रिकल्चरल लँड' या नावाखाली. तो मात्र दुसराच आहे. त्यात कायम कुरणं धरलेली असतात आणि लागवडीयोग्य पडीक नसते. आकडा एक, गट नंबर वेगळे. नात इथेच फसली होती. तिने भारताचा १८ देशी हिशोबातून घेतला आणि अमेरिकेचा ४० कोटी एफएओच्या ॲग्रिकल्चरल लँडमधून. त्या ४० कोटींतला निम्म्याहून मोठा भाग गुरं चरण्याची कुरणं आहेत. तुलना झाली आपल्या शेताची आणि त्यांच्या चराईची.

चौथा, २० कोटींच्या वरचा, म्हणजे एकूण पीक क्षेत्र. पावसाळ्यात भात आणि मागून वाल घेतला की एकच एकर दोनदा मोजला जातो. आकडा मोलाचा आहे, पुढे लागेल, पण जमीन किती याचं उत्तर तो देत नाही.

वरकस जमिनीबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण व्याख्या कुठे तुटते ते तिथे कळतं. मुरबाड-शहापूरकडे भाताच्या खाचरांच्या वर उताराची जमीन असते, तिला वरकस म्हणतात. जुनी रीत अशी की एका वर्षी नाचणी, पुढच्या वर्षी वरी, मग खुरासणी, आणि नंतर जमीन काही वर्षं मोकळी सोडायची. त्या काळात तिथलं गवत आणि झाडांचा पालापाचोळा भाताच्या रोपवाटिकेवर राब भाजायला कामाला येई. आता ही जमीन ॲरेबल आहे का? तीन वर्षं मोकळी असेल तर हो. सहा वर्षं झाली तर नाही. जमीन तीच, शेतकरी तोच, उतारही तोच. मी स्वतः पीकपाहणीला गेल्यावर शेतकऱ्याला विचारायचो, इथे शेवटची नाचणी कधी? तो आठवून म्हणायचा, थोरल्याचं लग्न झालं त्या साली. त्या उत्तरावर रकाना ठरायचा. जगात जिथे जिथे फिरती शेती आहे, आफ्रिकेत, आपल्या ईशान्येकडे, तिथले आकडे अशाच उत्तरांवर उभे आहेत. म्हणून अशा देशाचा आकडा दशांशापर्यंत उद्धृत करू नका, पूर्णांकात द्या.

गवताचंही तसंच. आमच्या जिल्ह्यातून मुंबईच्या तबेल्यांना पिढ्यानपिढ्या गवत गेलं. ती आपोआप उगवणारी गवताची जमीन कायम कुरणात जाते. पण अमेरिकेत शेतकरी लसूणघास पेरतो, काही वर्षं कापणी करतो आणि मग त्याच जागी मका घेतो. ते तात्पुरतं गवत, म्हणून ॲरेबलमध्ये. ऑस्ट्रेलिया जोडीत असेल तर हा रकाना डोळ्यांत तेल घालून पाहा. त्या देशाची सुमारे निम्मी भूमी 'ॲग्रिकल्चरल' दिसते, पण ॲरेबल जेमतेम चार टक्के. बाकी सगळं मेंढ्या-गुरांचं माळरान.

आता अमेरिकेची बाजू. त्यांची शेती गणना दर पाच वर्षांनी होते. २०२२च्या गणनेत शेतांखालची एकूण जमीन ८८ कोटी एकर आणि त्यातली पिकांची जमीन सुमारे ३८ कोटी २० लाख एकर. एकराचे हेक्टर करायला २.४७ने भागा: पहिला आकडा साडेपस्तीस कोटी हेक्टर, दुसरा साडेपंधरा कोटी. आपल्याला दुसरा हवा. तोही एफएओच्या ॲरेबलशी तंतोतंत एक नाही, कारण त्यात फळबागा आहेत आणि सरकारशी दहा-पंधरा वर्षांचा करार करून, पैसे घेऊन, विश्रांतीला ठेवलेली जमीनही आहे. ही योजना तिथे १९८५च्या कायद्याने सुरू झाली. आपल्याकडे पाच वर्षं न पेरलेली जमीन 'पडीक' होते, त्यांच्याकडे ती 'पिकांची जमीन' या नावाखाली राहते. म्हणून माझा ठाम सल्ला: एका देशाचा आकडा त्या देशाच्या गणनेतून आणि दुसऱ्याचा एफएओतून असं कधी करू नका. दोन्ही एकाच ठिकाणचे घ्या, तेही एकाच वर्षाचे. देशी आकडे पडताळणीला ठेवा.

घ्यायचे कुठून? एफएओच्या 'फाओस्टॅट' या संकेतस्थळावर 'लँड यूज' असा भाग आहे. तिथे देश निवडा, बाब निवडा, वर्ष निवडा आणि तक्ता उतरवून घ्या. खातं उघडावं लागत नाही, पैसे पडत नाहीत. आकडे १९६१पासूनचे आहेत. माझा जन्म त्याच सालचा, त्यामुळे मला तो तक्ता माझ्याच वयाचा वाटतो. उतरवल्यावर आधी एककाचा रकाना वाचा. तिथे '१००० हेक्टर' असं लिहिलेलं असतं. म्हणजे १,५४,००० दिसलं तर ते १५ कोटी ४० लाख हेक्टर. नातीने एका देशाला हजाराने गुणलं आणि दुसऱ्याला गुणायची राहिली, अर्धा तास त्यात गेला. दहा लाखांना तिकडे मिलियन म्हणतात, म्हणून १० मिलियन म्हणजे आपला एक कोटी, हेही वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवावं.

आकड्याशेजारी एक अक्षर असतं, ते बहुतेक जण पाहतच नाहीत. 'ए' म्हणजे देशाने अधिकृतपणे कळवलेला आकडा, 'ई' म्हणजे अंदाज, 'आय' म्हणजे गणिताने भरलेली रिकामी जागा, 'एक्स' म्हणजे दुसऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेकडून घेतलेला. मला हे अक्षर आकड्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. शेतावर जाऊन केलेली पीकपाहणी आणि मागच्या वर्षीवरून उतरवलेली पीकपाहणी कागदावर सारखीच दिसते, पण शेतकऱ्याला नुकसानभरपाई घेताना फरक कळतो. आता आपल्या राज्यात २०२१पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाईलवरून पिकाचा फोटो आणि नोंद करतो. देशांच्या आकड्यांना अशी सोय नाही, ते अक्षरच आपली सोय.

मोजण्याची रीत बदलली तर आकडा कसा उडी मारतो, याचं मोठं उदाहरण चीन. तिथे १९९५ साली अधिकृत लागवडीची जमीन साडेनऊ कोटी हेक्टर होती आणि १९९६च्या देशव्यापी पाहणीत ती १३ कोटी निघाली. एका वर्षात साडेतीन कोटी हेक्टर जमीन वर आली नव्हती. कर आणि धान्याची सक्तीची वसुली यांमुळे गावोगावी जमीन कमी दाखवली जात होती, शिवाय 'मू' हे तिथलं माप ठिकठिकाणी मोठं धरलं जात होतं. प्रमाण मू हेक्टरचा पंधरावा भाग, म्हणजे आपले साडेसहा-पावणेसात गुंठे. पुढे २००९च्या पाहणीत साडेतेरा कोटी आणि २०१९च्या पाहणीत १२ कोटी ७९ लाख हेक्टर आली. ही शेवटची घट मात्र खरी धरायला हवी, चीनही ती गंभीरपणे घेतो आणि १८० कोटी मू, म्हणजे १२ कोटी हेक्टर, ही खालची रेघ ओलांडू द्यायची नाही असं त्याचं धोरण आहे. तेव्हा दोन वर्षांमध्ये अचानक मोठा फरक दिसला, तर आधी पाहणी बदलली का ते शोधा, मग जमिनीबद्दल बोला.

टक्केवारी काढताना भागाकाराखाली काय ठेवता ते सांगा. भारताचं भौगोलिक क्षेत्र ३२ कोटी ८७ लाख हेक्टर, पाणी वगळून एफएओने धरलेली भूमी २९ कोटी ७३ लाख, आणि जमीनवापराची नोंद ज्या क्षेत्राची होते ते साधारण ३० कोटी ७० लाख. पहिल्याने भागलं तर ॲरेबल ४७ टक्के येते, दुसऱ्याने ५२. पाच टक्क्यांचा फरक नुसत्या छेदात. अमेरिकेची भूमी साडेएक्क्याण्णव कोटी हेक्टर, तिची १७ टक्के ॲरेबल. म्हणजे आपल्या तिप्पट भूमी असलेल्या देशाकडे लागवडीखालची जमीन जवळपास आपल्याइतकीच. नातीला हे पटेना. मी तिला नकाशावर अलास्का, नेवाडाचं वाळवंट आणि रॉकी पर्वत दाखवले.

'जवळपास' हा शब्द मी जाणून वापरला. दोन्ही देश १५ ते १६ कोटी हेक्टरच्या दरम्यान आहेत आणि वर्ष बदललं की पुढे-मागे होतात. 'जगात पहिला कोण' अशा मथळ्यांचा वाद यातूनच उठतो. पाच टक्क्यांच्या आतला फरक असेल तर 'साधारण सारखी' लिहावं. बांधावरच्या हातभर जागेसाठी मोजणी मागणारे मी पाहिले आहेत, देशांच्या बाबतीत ती हातभर जागा मोजणाऱ्या फीतेच्याच चुकीत बसते.

आता माणशी हिशोब, मला सगळ्यात जवळचा वाटतो तो. इथे हेक्टर सोडा, गुंठ्यात या. हेक्टरचे शंभर आर, आणि आर म्हणजे जवळजवळ एक गुंठाच. साडेपंधरा कोटी हेक्टर भागिले १४० कोटी माणसं: माणशी ११ गुंठे. अमेरिकेत तेवढीच जमीन आणि साडेतेहतीस कोटी माणसं: माणशी ४६ गुंठे. आणि १९६१ साली आपल्याकडे? तेव्हाही ॲरेबल साडेपंधरा कोटीच होती, माणसं ४४ कोटी. माणशी ३५ गुंठे. हे गणित वहीत उतरल्यावर नात बराच वेळ गप्प होती. मीही होतो. मी जन्मलो तेव्हा माझ्या वाट्याला ३५ गुंठे होते आणि तिच्या वाट्याला ११.

माणशी म्हणजे शेतकऱ्यामागे नव्हे, हे मात्र लगेच लिहून टाका. अमेरिकेत सरासरी शेत ४६३ एकरांचं, आपल्याकडे २०१५-१६च्या कृषी गणनेनुसार सरासरी धारण क्षेत्र १.०८ हेक्टर, म्हणजे पावणेतीन एकरही नाही.

शेवटी जमिनीच्या कसाचा विचार, थोडक्यात. आपल्या निव्वळ पेरणी क्षेत्राच्या निम्म्याहून अधिक भागाला सिंचन आहे, अमेरिकेत पिकांच्या जमिनीच्या साधारण सातव्या हिश्श्याला. त्यांना मक्याच्या पट्ट्यात उन्हाळ्याचा पाऊस पुरतो, पण हिवाळ्यात जमीन गोठते आणि बहुतेक ठिकाणी एकच पीक निघतं. आपल्याकडे ऊन बारा महिने, पाणी असेल तर दोन पिकं, कुठे तीन. मघाचा २० कोटींच्या वरचा आकडा इथे वापरायचा: एकूण पीक क्षेत्र भागिले निव्वळ पेरणी क्षेत्र, दीडपटीहून जास्त येतं. साडेपंधरा कोटींचं हे आपलं बळ आहे आणि ते स्वतंत्र ओळीत लिहावं, जमिनीच्या आकड्यात मिसळू नये.

काळाबरोबर काय बदललं तेही पाहायचं असेल तर फक्त पेरणीचा रकाना पाहू नका. निव्वळ पेरणी १९७०पासून १४ कोटींच्या आसपासच आहे, म्हणून काही बदललं नाही असं वाटतं. बिगरशेती वापराचा रकाना उघडा: १९५०-५१ साली सुमारे ९४ लाख हेक्टर, आता अडीच कोटींच्या वर. कुठे पडीक जमीन लागवडीत आली, कुठे चांगलं खाचर इमारतीखाली गेलं, आणि बेरीज तीच राहिली. बाळकुम, ढोकाळी, कोलशेत ही सगळी भाताची गावं होती. नावातच शेत असलेल्या कोलशेतात आज शेत शोधावं लागतं. आमचे बत्तीस गुंठे त्याच रकान्यात आहेत. त्यांच्याऐवजी कुठे तरी माळावरचे बत्तीस गुंठे पेरणीत आले असतील, पण खाडीच्या अंगाच्या, भर पावसात गुडघाभर पाणी धरणाऱ्या त्या मातीची आणि माळाची गाठ तक्त्यात पडत नाही. ज्याला तुलना मनापासून करायची आहे त्याने जमिनीचा प्रकारही शोधावा, एवढंच म्हणेन.

नातीने प्रकल्पाचं उत्तर असं लिहिलं: "एफएओच्या व्याख्येप्रमाणे भारत आणि अमेरिका यांची लागवडीखालची जमीन, अल्पकाळ पड धरून व फळबागा वगळून, साधारण सारखी आहे. भूमीच्या प्रमाणात भारताची तिप्पट, माणशी अमेरिकेची चौपट." खाली छेद कुठला घेतला ते लिहिलं, आकड्याशेजारचं अक्षरही लिहिलं. वर्ष लिहायचं राहिलं होतं, ते मी पेन्सिलीने घातलं आणि तिने शाईने गिरवलं.